बारवांच्या वाटेने

पहाटेचे 5 वाजले आहेत. परभणी रेल्वे स्थानकाबाहेर 9 सायकली दिवे लावून उभ्या आहेत आणि रात्रभर तापून राहिलेल्या हवेत आत्ता कुठे थोडा गारवा उतरला आहे. एप्रिल महिना आहे, दुपारी पारा चाळिशी ओलांडणार हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच या 4 दिवसांच्या सहलीचे मुक्काम ठरवताना आम्ही नकाशावर आधी पाणी शोधले आणि मग रस्ता.

वालूर, चारठाणा, जिंतूर, औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव असा हा मार्ग आहे. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी राने आहेत, जी नांगरायची राहिली त्यांना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत, आणि बांधावरच्या कडुनिंबांचा मोहोर रस्त्यावर सांडला आहे. पहिल्या दीड तासातच दोन चाकांमध्ये बाभळीचे काटे शिरले. या भागात सायकल चालवणाऱ्याने जास्तीची ट्यूब सोबत ठेवावीच.

सकाळी 10 नंतर चालवायचे नाही, हा आमचा नियम आहे आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सायकलस्वाराला वेगामुळे लागणारा वारा एरवी थंडावा देतो. परंतु माणसाची त्वचा साधारण 35 अंशांची असते आणि हवा त्याहून तापली की तोच वारा अंगातली उष्णता नेण्याऐवजी बाहेरची उष्णता अंगात आणू लागतो. मग शरीराला थंड ठेवण्याचा भार एकट्या घामावर पडतो. मराठवाड्याची कोरडी हवा तो घाम इतक्या झटपट उडवते की अंग कोरडेच वाटते, आणि तासाभरात लिटरभर पाणी शरीराबाहेर गेले आहे हे चालवणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. घामाबरोबर मीठही जाते, त्यामुळे नुसते पाणी पीत राहणे पुरेसे नाही. प्रत्येकाच्या एका बाटलीत म्हणून 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेले आहे. डोके दुखू लागले, मळमळले किंवा बोलण्यात विसंगती आली, तर त्या माणसाला ताबडतोब सावलीत घ्यायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि वैद्यकीय मदत मिळवायची, हे निघण्यापूर्वी सर्वांकडून वदवून घेतले आहे.

वालूरच्या बारवेपाशी, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीपाशी, आम्ही बराच वेळ थांबलो. बहुतेक बारवांच्या पायऱ्या सरळ खाली उतरतात. येथे मात्र त्या गोल फिरत, वळण घेत पाण्याकडे जातात, आणि काठावरून पाहिले असता दगडांचे हे चक्र नजरेला जणू खाली ओढून नेते. ही बारव गाळाने भरलेली होती, ती गावकऱ्यांनी मोकळी केली. आज तिच्या काठावर उभे राहता येते याचे श्रेय त्यांचे आहे आणि ते मोठ्याने सांगायला हवे.

चारठाण्याला गोकुळेश्वराच्या मंदिरालगतही अशीच जुनी बारव आहे. खालच्या पायरीवर बसल्यावर वरच्या रस्त्यावरची धग अंगाला लागत नाही: चारही बाजूंचा दगड सावली धरतो, पाण्यावरून उठणारा गारवा खोलगट जागेतच राहतो. पायी आणि बैलगाडीने जाणाऱ्या माणसांनी याच पायऱ्यांवर ऊन उतरण्याची वाट पाहिली असेल. दुपारी एका मावशींनी झाडाखाली सतरंजी घालून दिली, धपाटे आणि तांब्याभर ताक पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "घाई करू नका बाबांनो, ऊन उतरल्याबिगर निघायचं नाही."

जिंतूर मागे टाकून हिंगोली जिल्ह्यात शिरलो की वाऱ्याला हळदीचा वास येतो. कच्ची हळद शिजवून उघड्यावर पसरलेली असते आणि ती कडक वाळायला दहा-पंधरा दिवस लागतात. ज्या उन्हाला टाळून आम्ही दिवस आखतो, त्याच उन्हाची या शेतकऱ्यांना आत्ता नितांत गरज आहे. वळवाचा एक पाऊस या हळदीचा रंग बिघडवू शकतो. भर दुपारी डोक्याला रुमाल गुंडाळून हळद खालीवर करणारी माणसे पाहिली, की आमच्या 10 वाजताच्या नियमाला लाभलेली मोकळीक लक्षात येते.

औंढ्याचे नागनाथ मंदिर आम्ही पहाटे पाहिले. याच ठिकाणी नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून लाभले, अशी परंपरा आहे.

शेवटची सकाळ नर्सीची. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे हे गाव. ते येथून निघून पार पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले. साडेआठला आम्ही पोचलो, सायकली भिंतीला टेकवल्या, माठातले पाणी प्यायलो. हिंगोलीची गाडी गाठायची आहे आणि ऊन चढू लागले आहे. सगळ्या बाटल्या पुन्हा काठोकाठ भरल्या जात आहेत.