एसएलआर रायफल स्वतःहून कशी भरते?

[दृश्य: टेकडीच्या पायथ्याची फायरिंग रेंज. एसएलआर जवळून.]

ट्रिगर दाबला, गोळी गेली, रिकामी पुंगळी उजवीकडे उडाली आणि पुढचा राउंड, म्हणजे काडतूस, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) बसलासुद्धा. जवानाचा हात कॉकिंग हँडलकडे, म्हणजे हातानं रायफल भरायच्या मुठीकडे, गेलाच नाही. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत हे सगळं उरकतं, त्यामुळे डोळ्यांना दिसते ती फक्त पुंगळी. आज ते सावकाश बघू.

ही ७.६२ मिलिमीटरची एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. मूळ आराखडा बेल्जियमच्या एफएन फॅल रायफलचा. आपल्याकडे ती पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनली. १९६२च्या युद्धात आपल्या जवानांकडे मुख्यतः थ्री-नॉट-थ्री रायफल होती, आणि तिचा बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) प्रत्येक गोळीनंतर हातानं मागं-पुढं करावा लागायचा. एसएलआर त्यानंतर आली, सैन्यात आणि पुढं पोलिसांतही. जालन्याला, हिंगोलीला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. बीड, परभणी, लातूरच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरापोरींना हे यंत्र आतून कळावं, असं मनापासून वाटतं.

[दृश्य: नळीचा उभा छेद.]

फायरिंग पिन काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या कॅपवर आदळते, दारू पेटते आणि तिचा वायू गोळीला नळीतून रेटतो. नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक छिद्र आहे. गोळीनं ते ओलांडलं की मागचा थोडा वायू त्यातून गॅस सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागं ढकलतो. विहिरीवरच्या डिझेल इंजिनातही जळणाचा दाब पिस्टनला असाच ढकलतो. इथं मात्र पिस्टनसाठी वेगळं जळण नाही. गोळीला ढकलणाऱ्या वायूतलाच थोडा वाटा त्याला मिळतो.

गोळी नळीत असते ती जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी. त्या वेळी आतला दाब प्रचंड असतो. तेव्हाच ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडली तर पुंगळी फाटेल आणि तापलेला वायू जवानाच्या तोंडावर येईल. म्हणून पिस्टन थेट ब्रीच ब्लॉकला, म्हणजे ते तोंड बंद करणाऱ्या भागाला, ढकलत नाही. तो कॅरियरला, म्हणजे ब्रीच ब्लॉकला सोबत नेणाऱ्या सरकत्या भागाला, टोला देतो आणि आपल्या स्प्रिंगनं जागेवर परततो. कॅरियर पहिले काही मिलिमीटर एकटाच मागं सरकतो; ब्रीच ब्लॉकचं मागचं टोक अजून खालीच, बॉडीतल्या आडव्या पोलादी ठोकळ्याला टेकलेलं. तेवढ्यात गोळी बाहेर पडते, दाब उतरतो. मगच कॅरियर ते टोक वर उचलतो. या रायफलीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच: ते काही मिलिमीटर. जवानाचा चेहरा वाचवणारी वेळ कुणीतरी धातूत कापून ठेवली आहे.

पुढचं भराभर होतं. एक्स्ट्रॅक्टर पुंगळी ओढतो, इजेक्टर ती फेकतो, फायरिंग पिनवर आदळणारा हॅमर खाली दाबला जातो, दस्त्यातली रिटर्न स्प्रिंग दबते आणि उसळून सगळ्यांना पुढं लोटते. जाता जाता मॅगझिनमधला वरचा राउंड चेंबरमध्ये जातो. बोट ट्रिगरवर तसंच दाबून धरलं तरी दुसरी गोळी सुटत नाही, कारण सिअर नावाचा खटका हॅमरला अडवून धरतो. बोट सोडून पुन्हा दाबावं लागतं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात ते यालाच.

[दृश्य: मानवंदनेचं पथक, रायफली आकाशाकडे.]

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, हुतात्म्यांना फैरी झाडून मानवंदना देतात. पथकाकडे एसएलआर असेल तर नीट बघा: प्रत्येक फैरीनंतर जवान हँडल हातानं ओढतात. ब्लँक राउंडमध्ये गोळीच नसते. वायूला अडवणारं काही नसल्यानं तो नळीच्या तोंडातून निघून जातो आणि पिस्टन पुरता ढकलण्याइतका दाब उभाच राहत नाही.

एके-४७ आणि इन्सास (भारतीय बनावटीची रायफल) यांच्यामध्ये पिस्टन कॅरियरलाच जोडलेला असतो आणि त्याच्यासोबत शेवटपर्यंत मागं जातो. तत्त्व तेच.

आता आपल्याकडची धूळ. उन्हाळ्यात काळ्या रानाची बारीक माती हत्यारात शिरते, त्यात दारूची काजळी मिसळते. घर्षण वाढलं की कॅरियर पुरता मागं जात नाही आणि पुंगळी अडकते. यासाठी एसएलआरला गॅस रेग्युलेटर दिला आहे. जादाचा वायू तो बाहेर सोडतो. आवळला की बाहेर जाणारा वायू कमी होतो आणि पिस्टनला जास्त मिळतो. गरजेपेक्षा जास्त आवळला तर खांद्याला धक्का जोरात बसतो, सुटे भागही लवकर झिजतात. त्यामुळे रायफल अडायला लागली तर आधी पिस्टन, सिलिंडर आणि त्याच्या पुढच्या टोकाच्या गॅस प्लगवरची काजळी काढायची, रेग्युलेटरला हात त्यानंतर लावायचा.