डुंगरवाडी: गिधाडांविना दख्मा

मुंबईत मलबार हिलवर पारशांची डुंगरवाडी, म्हणजे अंत्यविधीची जागा, आहे. रस्त्यावरून दिसते ती नुसती झाडी. दख्मा म्हणजे गिधाडांसाठी मृतदेह उघड्यावर ठेवायची तिथली गोल वास्तू. तिच्या आत देह वाहून नेणाऱ्या नस्सेसालारांखेरीज कुणाला, अगदी घरच्यांनाही, जाता येत नाही. म्हणून आपण दख्म्याच्या छोट्या प्रतिरूपावरून त्याची रचना पाहू.

गोल दगडी भिंत, वर मोकळं आकाश. आतला ओटा मधल्या विहिरीकडे, म्हणजे भंडाराकडे, उतरत जातो. ओट्यावर देह ठेवायच्या उथळ खाचांची तीन वर्तुळं आहेत. या खाचांना पावी म्हणतात. बाहेरची पुरुषांसाठी, मधली स्त्रियांसाठी, आतली मुलांसाठी. उन्हात वाळलेली हाडं भंडारात टाकतात. भंडारातलं पाणी चार नाल्यांतून जमिनीखालच्या विहिरींत जातं, तेही वाटेत कोळसा आणि वालुकाश्मातून गाळून. कारण प्राण गेला की देहाला 'नसू'चा, म्हणजे सडण्याच्या दुष्ट शक्तीचा, विटाळ होतो, आणि तो माती, पाणी, अग्नी यांना लागता कामा नये.

तिरडीसुद्धा लोखंडी, कारण लाकूड ओल शोषून घेतं. नस्सेसालार एकटा कधीच नसतो. दोघं असतात आणि दोघांच्या हातात एकच पांढरं कापड, पैवंद. देहाला आंघोळ घालून धुतलेले जुने सुती कपडे चढवतात, कमरेला कुस्ती, म्हणजे पवित्र दोरा, बांधतात. मग सगदीद: डोळ्यांवर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा देहासमोर आणतात. त्याच्या नजरेनं नसू हटते, अशी श्रद्धा आहे. देह दख्म्यात न्यायचा तो दिवसाउजेडीच, त्याच्यावर ऊन पडलं पाहिजे. आत्मा मात्र तीन रात्री इथेच असतो, सरोश यझद या देवदूताच्या राखणीत. चौथ्या पहाटे तो परलोकाच्या वाटेवरच्या चिन्वत पुलावर पोचतो.

या रचनेत उरलेलं काम गिधाडांचं. थवा उतरला की तासा-दोन तासांत देह संपायचा. पण 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं. मूत्रपिंडं निकामी झाली, आतड्या-काळजावर युरिक आम्लाचे पांढरे थर चढले. शंभरात एखादंही असं जनावर गिधाडांना संपवायला पुरेसं होतं. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या.

गिधाडांची जागा कावळे, घारी भरून काढू शकत नाहीत. ऊन एकवटणारी सौर यंत्रं बसवली, पण पावसाळ्यात, नेमकं देह लवकर वाळायला हवा तेव्हाच, ढगांपुढे त्यांचं काही चालत नाही. काही कुटुंबं आता दहन निवडतात. 2015 पासून वरळीच्या स्मशानभूमीत त्यांच्यासाठी प्रार्थनागृह आहे, आणि चार दिवसांच्या प्रार्थना तिथेही होतात.