पायाखालची लादी

(पडदा काळा. फक्त आवाज.)

थप. सर्रर्र. थप.

(तळपाय, अगदी जवळून.)

कोटा लादीवर अनवाणी पाय पडतोय, घसरतोय, पुन्हा पडतोय. बडोद्याच्या डांडिया बाजारातलं एक लग्नकार्यालय, सकाळचे साडेसहा. भिंतीशी कालच्या जेवणाची टेबलं एकावर एक रचलेली, कोपऱ्यात झाडून ठेवलेला झेंडू आणि मधल्या मोकळ्या जागेत चौघं. दोन मुली, दोन मुलगे. दहाला हॉल सोडायचा, कारण त्यानंतर मांडववाले येतात. तोवरचं भाडं चौघं वाटून भरतात.

हे सगळे कंटेम्पररी, म्हणजे आजच्या काळाचा नवा नाच, नाचतात. “आम्हाला कंपनी म्हणा,” एक म्हणाला. “कसली कंपनी? ग्रुप म्हणा,” दुसरीनं लगेच दुरुस्त केलं. एक ब्लूटूथ स्पीकर, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि बसवून होत आलेलं पाऊण तासाचं एक नृत्य, एवढी त्यांची मालमत्ता. नावं घालू नका, असं चौघांनीही सांगितलंय. एकाच्या ऑफिसात माहीत नाही. एकीच्या होणाऱ्या सासरी माहीत आहे, पण तिकडे त्याचा अर्थ भरतनाट्यम असा घेतलाय आणि तो तसाच राहिलेला बरा, असं तिचं म्हणणं. तेव्हा या फिल्ममध्ये ओळख पावलांवरून.

(पहिलं पाऊल. बोटं फाकलेली, टाचेची कडा जाड झालेली.)

हे पाऊल भरतनाट्यमच्या ‘तै या तै’वर वाढलं. सातव्या वर्षी अरमंडीत बसवलं, म्हणजे टाचा जवळ, गुडघे बाहेर आणि कंबर खाली. गुरूंची काठी लाकडी ठोकळ्यावर पडायची तसा पाय जमिनीवर पडला पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. तट्टडवू, नाट्टडवू ही मूळ पावलं, वर्षानुवर्षं तेच. पुढे तिनं नृत्यातच विद्यापीठाची पदवी घेतली. इतर शहरांत हे सांगितलं की लोक विचारतात, “हो, पण डिग्री कशात केलीस?” बडोद्यात निदान हा प्रश्न येत नाही. का येत नाही, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

(स्थिरचित्रं: लक्ष्मीविलास राजवाडा, सुरसागर, संगीत महाविद्यालयाची जुनी इमारत.)

जानेवारी १८८०. सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाईंशी झालं. त्याच पुढे पहिल्या चिमणाबाई. नवरीबरोबर तंजावरहून जे आंदण आलं त्यात नर्तकी होत्या. भांडीकुंडी, दागिने आणि माणसं, एकाच यादीत! त्या काळाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गौरा आणि कांतिमती ही त्यांची नावं. सोबत नट्टुवनार, म्हणजे नाच शिकवणारे आणि झांजेवर ताल धरणारे गुरू.

तंजावर म्हणजे भोसल्यांचं राज्य. आज देशभर भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूनं सुरू होऊन तिल्लानानं संपतो. तो क्रम बसवला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी, आणि त्यांना आश्रय होता तंजावरच्या मराठी दरबाराचा. तिथं मराठीतही नृत्याच्या रचना झाल्या. त्यामुळे ‘हे मद्रासी प्रकरण आपल्यात कुठून आलं’ असं कुणी म्हणालं, तर त्याला बडोद्याच्या नकाशाऐवजी तंजावरचा नकाशा दाखवावा.

बडोद्यात या मंडळींची सोय लागली ती कलावंत कारखान्यात. जुन्या मराठीत कारखाना म्हणजे दरबाराचं खातं. जसा तोफखाना, जसा जवाहिरखाना, तसा कलावंतांचा कारखाना. गवई, बीनकार, तमासगीर, नर्तकी, सगळे सरकारी दप्तरात. नेमणूक असायची. नियम असायचे. पगार असायचा.

पगार हा शब्द लक्षात ठेवा.

१८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली संगीताची शाळा निघाली. त्याच रोपट्याचं आज सुरसागरच्या काठावर परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी असं झाड झालंय. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि नृत्याची पदवी देणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या विद्यापीठांत त्याचं नाव लागलं. तंजावरहून आलेल्या कांतिमती आणि नट्टुवनार अप्पास्वामी यांचे चिरंजीव कुबेरनाथ याच विद्यापीठात शिकवायचे. घराणं तमिळ, गाव गुजरातेत आणि आडनाव? तंजोरकर. ‘कर’ लावून मोकळे!

(पुन्हा हॉल. पहिली मुलगी जमिनीवर कुशीला पडते, गडगडते, उठते.)

आता ती काय करतेय ते बघा. पंधरा वर्षं तिनं जमिनीवर पाय मारला, आता तिला जमिनीत विरघळायला सांगितलंय. कंटेम्पररीत याला फ्लोअरवर्क म्हणतात. पडायचं, पण हाड आपटता कामा नये. आधी पोटरीची बाजू, मग मांडी, मग कुल्हा, मग पाठीची कड, अशी लाट खाली उतरवायची. श्वास सोडताना पोट आत खेचून कणा गोल करायचा, त्याला काँट्रॅक्शन म्हणतात. मार्था ग्रॅहॅम यांनी अमेरिकेत रुजवलेली ही भाषा. तिच्या शरीराला ती पहिली दोन वर्षं अजिबात मान्य नव्हती. “पाठ आपोआप ताठ व्हायची. सर म्हणायचे, तू पडतानासुद्धा नमस्कार करतेस.”

(दुसरं पाऊल. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात रुंद फट. पोटरीच्या आतल्या बाजूला तुकतुकीत काळसर पट्टा.)

हा पट्टा मल्लखांबाचा.

(आखाडा. पहाट. पुरलेला खांब. एरंडेल चोळणारे हात.)

हे दृश्य आम्ही तीन पहाटे जाऊन टिपलं, म्हणून थोडं जास्त वेळ दाखवतोय. सागवानाचा खांब, वर निमुळता होत गेलेला, माथ्यावर बोंड. त्याला एरंडेल चोळतात. अंगाला किती, खांबाला किती, हे हातच ठरवतो. कमी पडलं तर कातडी सोलते, जास्त झालं तर माणूस खाली. तुळतुळीत खांबावर माणूस टिकतो तो अढीवर. एक पाय पुढून, एक मागून, मांड्यांची कात्री आणि बोटांची पकड. मग हात सोडायचे. हात सोडून छाती उघडायची. पहिल्यांदा हात सुटतो तेव्हा पोरं डोळे मिटतात. वस्ताद खालून ओरडतात, “डोळे उघड, खांब कुठं जात नाही!”

बडोद्यात आखाड्यांची परंपरा डांडिया बाजारातच जुनी. जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी गुरूंच्या नावानं इथं व्यायाम मंदिर चालवलं. मुसलमान वस्ताद, मराठी शिष्य, हनुमानाची मूर्ती आणि लाल माती. याचं आजच्या नाचाशी काय नातं, असं कुणी विचारील. पुढचं दृश्य बघा.

(हॉल. मुलगी अरमंडीत उभी. मुलगा तिच्या कमरेला पायांची अढी घालून हात सोडतो. पूर्ण दृश्य, कट नाही.)

ती खांब झाली आहे. तो अढीत आहे. साठ-पासष्ट किलो वजन तिच्या कमरेवर लोंबकळतंय आणि ती वाकत नाहीये, कारण अरमंडीनं तिचा तोल आधीच खाली नेऊन ठेवलाय. त्यानं डावा खांदा मागे टाकला की तिची उजवी टाच दोन बोटं सरकते. तिथं बघा. सरकली. ती टाच परत आणत नाही, सरकलेल्या जागेवरच नवा तोल शोधते. हे कुणी शिकवलेलं नाही. आम्ही विचारलं तर म्हणाली, “खांबाला एरंडेल लावतात ना, मला घाम येतो. तेवढाच फरक.”

हे सोळा काउंट बसवायला त्यांना पाच आठवडे लागले. पडद्यावर ते अर्ध्या मिनिटातच संपतं.

(काळ्या पार्श्वभूमीवर निवेदन.)

भारतात हे नाचणारे लोक कुठून कुठून येतात, ते बघण्यासारखं आहे. कुमुदिनी लाखिया. कथकमधला एकट्यादुकट्याचा नाच समूहात आणून त्याची मांडणीच बदलणाऱ्या, अहमदाबादला ‘कदंब’ उभारणाऱ्या. पदवी शेतीची, अलाहाबादजवळच्या नैनीची. सी. व्ही. चंद्रशेखर बडोद्याच्या विद्यापीठात नृत्याचे प्राध्यापक आणि पुढे डीन. वनस्पतिशास्त्राचे एम. एस्सी. वयाच्या ऐंशीतही मंचावर उभे राहिले. चंद्रलेखा आपल्या वाड्याच्या, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातल्या. वकिलीचं शिक्षण अर्धवट टाकून नाचाकडे गेल्या, मधली बरीच वर्षं मंचापासून लांब राहिल्या आणि १९८५ मध्ये ‘अंगिक’ घेऊन परतल्या तेव्हा पन्नाशी उलटलेली. त्यांच्या नाचात भरतनाट्यमच्या शेजारी कळरीपयट्टू, म्हणजे केरळची युद्धकला, उभी राहिली. म्हणजे आपल्या मल्लखांबवाल्याला तिथं कुणी अडवलं नसतं.

आणि अस्ताद देबू. जन्म जुलै १९४७, नवसारीचा. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होतं, म्हणून आम्ही त्यांच्यावर थोडा हक्क सांगतो. लहानपणी कथक, मग मुंबईत कॉमर्स, मग लंडनला जाऊन ग्रॅहॅम तंत्र, परत येऊन कथकली. पुढे मणिपूरचे पुंग हा ढोल वाजवणारे आणि थांग-ता ही तलवार-भाल्याची युद्धकला खेळणारे, मूकबधिर मुलं, दिल्लीच्या रस्त्यावर वाढलेली मुलं, अशांबरोबर त्यांनी नाच बसवले. पद्मश्री २००७ मध्ये मिळाली. डिसेंबर २०२० मध्ये गेले. पाठीशी कुठलाही कारखाना नव्हता. प्रायोजक शोधण्यात आयुष्यातला किती काळ गेला, याबद्दल ते स्वतः मोकळेपणानं बोलायचे.

(तिसरं पाऊल. टाच उचललेली, चवड्यावर नाचणारं.)

हा गरब्याचा. शास्त्रीय काही शिकलेला नाही. नवरात्रात मैदानावर हजारोंचं वर्तुळ फिरतं, त्यात तो आठव्या वर्षी आईचा हात सोडून घुसला. दोन टाळी, तीन टाळी, हींच. त्यानंतर टीव्हीवरचे डान्स शो आणि मोबाइलवरचे व्हिडिओ. ग्रुपमध्ये ताल याचा सगळ्यात पक्का. बाकीचे काउंट मोजतात, हा मोजत नाही. घरी वडील अजून म्हणतात, “तू नऊ दिवस नाच रे बाबा, वर्षभर कशाला?”

(चौथं पाऊल. फक्त स्थिरचित्र.)

चौथी कथकची. तिचं एवढंच चित्रण आमच्याकडे आहे. ऑगस्टमध्ये नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली, डॉक्टरांनी नाच बंद सांगितला. आज हॉलमध्ये दिसली ती तिच्या जागी आलेली नवी मुलगी.

(संध्याकाळ. तोच हॉल, रोषणाई, लाल-पिवळे दिवे. नवऱ्याकडची मंडळी ओळीत उभी.)

पैसे कुठून येतात, या प्रश्नाचं उत्तर याच लादीवर आहे. सकाळी भाडं देऊन नाचतात तिथंच संध्याकाळी पैसे घेऊन नाच बसवतात. संगीतची कोरिओग्राफी. काकांचा गुडघा दुखतो म्हणून त्यांना एका जागी हात हलवायला द्यायचं, आत्याला मधोमध ठेवायचं, नवरीचे दोन हमखास ठुमके. मल्लखांबवाला आयटीत आहे. पहिली मुलगी एका शाळेत आठवड्याला तीन दिवस जाते, स्नेहसंमेलन आलं की सहा दिवस. केंद्र सरकारची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती आहे, महिना ५००० रुपये, दोन वर्षं, वय १८ ते २५. तिला मिळाली होती. आता ती सव्वीस वर्षांची आहे.

याबद्दल त्यांची तक्रार नाही. तक्रार आहे लादीची. नाचायला लाकडी फरशी लागते, खाली हवा असलेली, उडी घेतल्यावर केसभर दबणारी. कोटा दबत नाही. सगळा धक्का उलटा नडगीत येतो. मी स्वतः नऊ वर्षं अशाच एका दगडी हॉलमध्ये शिकले. शिकवणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांनाही तेवढंच परवडत होतं. आता जिना उतरताना मी कठडा धरते.

(सकाळ. दहाला दहा कमी.)

मांडववाले आले. गालिच्याची वळकटी दाराशी टेकवली आहे. चौघांच्या पावलांचे घामाचे ठसे लादीवर अजून ओले आहेत. रुंद, फट असलेले, अर्धेच उमटलेले चवडे आणि नव्या मुलीचे.

“झालं का तुमचं?”

“दोन मिनिटं हं, दादा.”

पुन्हा अढी, पुन्हा अरमंडी. एका टोकाकडून गालिचा उलगडत येतोय.

(पाच, सहा, सात. गालिचा टाचेला लागतो. चित्र थांबतं.)