कुठवर आलात?

श्रोतेहो, नमस्कार.

मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात मी सार्वजनिक वाचनालय सांभाळते. एक मोठी खोली, अकरा कपाटं, वर्तमानपत्रांसाठी एक लांब टेबल आणि दाराशी माझी खुर्ची. पुस्तक परत द्यायला आलेल्या माणसाला मी वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आले, "कसं वाटलं पुस्तक?" उत्तरही ठरलेलं. "छान आहे." फार तर, "बरं आहे, वाचण्यासारखं आहे." एवढं बोलून माणूस कपाटाकडं वळायचा. तीनशे पानं वाचून आलेल्या माणसाजवळ सांगायला एवढंच कसं असेल, हे मला कळायचं नाही.

मग एक दिवस आमच्या गावातले एक एसटी कंडक्टर मुदतवाढ घ्यायला आले. हातात 'बनगरवाडी'. खूण म्हणून आत तिकीट घातलेलं, मशीनमधून निघतं तसलं पातळ, गुळगुळीत. त्याच्यावरची छपाई पार उडून गेली होती, पण पाठीमागं बॉलपेननं लिहिलेला पान नंबर तेवढा ठळक होता. त्यांची ड्युटी तेव्हा मुक्कामाच्या गाडीवर होती. रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, डबा खायचा आणि झोप येईस्तोवर मागच्या सीटवर मोबाईलच्या उजेडात वाचायचं. मी शिक्का उचलता उचलता सहज विचारलं, "कुठवर आलात?"

त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "कारभारी बोलंना झालाय मास्तरासंगं."

ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. व्यंकटेश माडगूळकर हे आपल्या सांगली जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. त्यांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपानं आली. औंध संस्थानातल्या माणदेशी मुलखात, धनगरांच्या एका छोट्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, एवढीच तिची सुरुवात. वाडीचा म्हातारा कारभारी मास्तराला आधार देतो. त्याची पोर अंजी. तिच्या सांगण्यावरून मास्तर तिला चोळी शिवून आणून देतो आणि कारभाऱ्याच्या मनात किंतु येतो.

कंडक्टर पुढं म्हणाले, "अवो, पोरीनं सांगितलं म्हणून आणली चोळी. तेवढ्यावरनं म्हाताऱ्यानं अबोला धरावा व्हय? पर ताई, मी बी पोरीचा बाप हाय. परक्या माणसानं माझ्या पोरीला कापड शिवून आणलं असतं तर मी तरी काय केलं असतं? चार दिवस झालं, पुढचं पान उलटलं न्हाई. म्हटलं, आधी माझं ठरू दे."

श्रोतेहो, पुस्तकावरचं याच्याइतकं खरं मत मी क्वचित ऐकलं आहे. आणि पुस्तक संपवून ते आले असते तर हे मत मला मिळालंच नसतं. पुढं कारभाऱ्याचा राग निवळला असता, गोष्ट आणखी कुठं कुठं गेली असती, मधला तो चार रात्रींचा पेच विरून गेला असता आणि काउंटरवर मला ऐकू आलं असतं, "छान आहे."

त्या दिवसापासून मी "कसं वाटलं" विचारणं सोडलं. "कुठवर आलात" विचारते. पंधरा दिवसांनी ते परत आले तेव्हा कारभाऱ्याचा विषय मागं पडला होता. आता त्यांना शेकूच्या बायकोबद्दल बोलायचं होतं. शेकूजवळ बैल एकच, पेरणीचे दिवस निघून चाललेले, तेव्हा ती बाई दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः उभी राहते. कंडक्टर म्हणाले, "हे आमच्या आजीनं केलं होतं असं घरात बोलतात. मला वाटायचं, वाढवून सांगतेत." एवढं बोलले आणि गप्प बसले. मीही काही बोलले नाही.

आमच्याकडं देवघेवीचं रजिस्टर असतं. त्यात पुस्तकाचा दाखल क्रमांक, नाव, वाचकाचा सभासद क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यातून गावोगावच्या वाचनालयांना मान्यता मिळाली, अनुदान मिळू लागलं, त्याचं मोल मी जाणते. हिशेब चोख हवाच. पण या सगळ्या रकान्यांत वाचकाला काय वाटलं याला जागा नाही. म्हणून मी एक दोनशे पानी वही आणली, तिला सुतळीनं पेन बांधलं आणि ती टेबलावर ठेवली. पुस्तक अर्ध्यात असेल त्यानं पान नंबर घालून दोन ओळी लिहायच्या. शेवट ठाऊक असला तरी कुणी फोडायचा नाही. आणि 'छान' लिहायचं असेल तर काय छान ते लिहायचं.

सुरुवातीला लोक बिचकले. "पुरं वाचल्याशिवाय कसं बोलायचं, ताई? चुकलं म्हंजे?" ही भीती मला अगदी समजते. शाळेत धडा संपल्यावरच प्रश्न येत, आणि त्यांची उत्तरं ठरलेली असत. पण हीच माणसं बांधावर काय करतात बघा. हळद हे नऊ महिन्यांचं पीक. लावण होते उन्हाळ्यात, काढणी पुढच्या वर्षी. म्हणून काय काढणी होईपर्यंत शेजारी शेजाऱ्याशी हळदीबद्दल बोलत नाही? श्रावण-भाद्रपदात सरीतून चालताना तो पान उलटून बघतो, करपा आलाय म्हणतो, पाणी साचू देऊ नकोस, कंद कुजेल म्हणतो. उभ्या पिकावर बोललं तर उपयोग. हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही, मग उभ्या पुस्तकावर बोलायला भ्यायचं कशाला?

आणि आपली सांगली तर नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथं केलं, तेव्हापासूनची ही वाट. आपल्याकडं मध्यंतरात चहा घेताना लोक काय गप्प बसतात? पहिल्या अंकावर तावातावानं भांडतात आणि तिसरी घंटा झाली की त्याच ओढीनं आत पळतात. भांडण झालं म्हणून नाटक बिघडत नाही. दुसरा अंक उलट जास्त रंगतो, कारण आता प्रत्येकानं आपली बाजू घेतलेली असते.

वहीतली एक नोंद मला वाचून दाखवायची आहे. नववीतली एक मुलगी. तिची आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. तिनं नेलं होतं अण्णा भाऊ साठ्यांचं 'फकिरा'. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. १९५९ सालची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. तिच्या सुरुवातीलाच रानोजी गावासाठी जोगणी, म्हणजे गावाला जत्रेचा मान मिळवून देणारं देवीचं चिन्ह, आणायला जातो आणि त्यात त्याचा जीव जातो. मुलीनं लिहिलं होतं, "रानोजी मेला. गाव वाचलं पण तो मेला. मला आता पुढं वाचू वाटत नाही. उद्या पुस्तक परत करणार."

दुसऱ्या दिवशी मी वही उघडली तर त्याखाली वेगळ्या अक्षरात एक ओळ होती. "परत करू नकोस. त्याचं पोरगं मोठं होतंय." कुणी लिहिली ते मला आजवर कळलेलं नाही. कळावं असंही वाटत नाही. मुलगी संध्याकाळी दप्तर घेऊन आली, ती ओळ वाचली, पुस्तक परत दप्तरात घातलं आणि गेली. पुस्तक संपल्यावर छापून येणारी मतं मी आवडीनं वाचते, त्यांतून शिकायला मिळतं. पण ज्या संध्याकाळी त्या मुलीनं पुस्तक मिटून टाकलं असतं, त्या संध्याकाळी ती छापील मतं तिच्या कामी आली नसती. ती एक ओळ आली.

सगळ्यांनीच पुढं वाचावं असं मात्र माझं म्हणणं नाही. अर्ध्यात सोडणं हेही मतच आहे, फक्त का सोडलं ते सांगावं. आमच्या एका निवृत्त गुरुजींनी वि. स. खांडेकरांचं 'ययाति' सोडलं. खांडेकर जन्मानं सांगलीचे. १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. म्हणून मी जरा आग्रहानंच गुरुजींना पुस्तक दिलं होतं. गुरुजींनी लिहिलं, "भाषा फार नटलेली. वाक्यावाक्याला उपमा. विचार चांगला, पण दागिन्यांखाली चेहरा दिसत नाही." मला हे मत पटलं नाही, तरी ते मला मोलाचं वाटतं, कारण नेमकं आहे.

त्याच दिवसांत दुसरी प्रत एका मुलीकडं होती. गावातल्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, लग्न ठरलेलं होतं. ही कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापल्या तोंडानं सांगतात. मी "कुठवर?" विचारलं की ती म्हणायची, "सध्या देवयानी बोलतेय." पुढच्या खेपेला, "आता शर्मिष्ठा." आणि दर वेळी तिचं मत बदललेलं. ययाति बोलत होता तेव्हा तिला त्याची कीव आली होती. देवयानी बोलू लागली तशी ती म्हणाली, "हिचा राग मला कळतो. पण शर्मिष्ठेला दासी केलं ते नाही कळत." शर्मिष्ठा बोलू लागल्यावर तिनं वहीत आपल्याच आधीच्या दोन ओळी खोडल्या. मी तिला म्हटलं, खोडू नकोस, तारीख घालून खाली नवीन लिही. पहिलं मतही तुझंच आहे. गुरुजींनी तिच्या त्या चारही नोंदी वाचल्या आणि सोडलेलं पुस्तक परत मागून नेलं. अजून त्यांच्याकडंच आहे. भाषेबद्दलचं मत त्यांनी बदललेलं नाही.

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुराची आठवण या भागात कुणाला करून द्यायला नको. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर दार उघडलं तर खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांत अशी रुतली होती की ओढून निघेनात. ओढलं की लगदा हातात यायचा. फावड्यानं गाळ काढावा तशी आम्ही पुस्तकं काढली. त्या वासाची आठवण आजही पहिल्या पावसाला येते.

मग गावाच्या वरच्या अंगाला राहणारे वाचक एकेक करून यायला लागले. घरी नेलेली पुस्तकं घेऊन. कोरडी, धड. जी वाचायला गेली होती ती वाचली. त्यांतली बरीचशी अजून कुणाची संपलेली नव्हती. टेबल नव्हतं, कपाट नव्हतं, वहीही पाण्यात गेली होती, तर लोक पायरीवर बसून तोंडीच सांगायला लागले, कोण कुठवर आलं होतं ते. आठ-दहा दिवस घराघरांतला चिखल उपसून थकलेली माणसं पायरीवर बसून कुणा गोष्टीतल्या माणसाचं पुढं काय झालं असेल यावर बोलत होती. नवी वही मी त्याच आठवड्यात आणली.

आता माझं सांगते. दुसऱ्यांना विचारायचं आणि स्वतः गप्प राहायचं हे बरं नव्हे. सध्या मी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचते आहे. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं, आणि त्यातला नर्मविनोद मला फार आवडला होता. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते टोकाचं सोवळं, घरात येणारी वस्तू न् वस्तू धुवून घेणं, त्यांच्या नवऱ्याच्या, कवी टिळकांच्या, हाती पैसा न टिकणं. वाचताना मी मोठ्यानं हसायची आणि सासूबाई आतून विचारायच्या, काय झालं गं?

या खेपेला तसं हसू येत नाही. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली स्वीकारला, स्वतःचा विचार करून. मधली वर्षं विरहाची. मी त्या मधल्या वर्षांत आहे. पहिल्या वाचनात ही पानं मी भराभर उलटली होती, पुढं भेट होते हे ऐकून ठाऊक असल्यानं. आता एकेक पान जड जातं. काल मला टिळकांचा राग आला. त्यांच्या कविता मला पाठ आहेत, त्यांच्या मोठेपणाबद्दल शंका नाही, तरी राग आला. ज्या माणसानं बायकोला अक्षरओळख दिली, त्याला तिला विश्वासात घेऊन निघावंसं का वाटलं नाही? आणि ती बाई हे सगळं लिहिताना एक शब्दही कडू का लिहीत नाही? तिला राग आला नसेल, की आलेला राग तिनं लिहिता लिहिता जिरवला असेल? माझं अजून ठरलेलं नाही.

वहीत मी काल एवढंच लिहिलं. आज सकाळी कंडक्टर येऊन ती नोंद वाचून गेले. 'स्मृतिचित्रे' त्यांनी वाचलेलं नाही. म्हणाले, "ताई, तुमचं झालं की मला द्या. पर आधी तुमचं ठरू दे."

माझी अजून शंभरावर पानं राहिली आहेत. आज रात्री जेवणं उरकल्यावर पुढची वाचायला घेईन.

नमस्कार.