गढूळ पाण्यातली ‘माओरी’

नमस्कार श्रोतेहो.

माल्टा बेटाची राजधानी वॅलेटा. शहराच्या टोकाला सेंट एल्मोचा किल्ला आहे, आणि किल्ल्याखालच्या खाडीत एक ब्रिटिश विनाशिका तळाला बसलेली आहे. तिचं नाव ‘माओरी’. खोली साधारण १४ ते १६ मीटर. बोटीची गरज नाही. किनाऱ्यावरच्या खडकांवरून पाण्यात उतरायचं, फिन्स, म्हणजे पोहण्यासाठी पायात घालायचे रबरी पंख, चढवायचे आणि पोहत जायचं. माल्टाचा समुद्र काचेसारखा स्वच्छ म्हणून जगभरचे डायव्हर तिथे जातात. पण या खाडीचा तळ बारीक गाळाचा, शेजारी बंदराची वर्दळ, आणि ईशान्येचा वारा सुटला की तो गाळ वर येतो. मग पाच मीटरवरचं दिसेनासं होतं, कधी तीन मीटरवरचंही. म्हणून कित्येक जण ‘तिथे काही दिसत नाही’ म्हणतात आणि दुसरीकडे वळतात.

मला ही जागा फार आवडते. कमी दिसणाऱ्या पाण्यात, किनाऱ्यावरून उतरून, उथळ पाण्यातलं बुडालेलं जहाज कसं बघायचं, हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे. ते आपल्या कामाचंही आहे. आपला कोकणचा समुद्र काही निळाशार नाही. नद्यांचा गाळ त्यात येतो, पावसाळ्यानंतर तो बसायला वेळ लागतो. मालवणला किंवा गोव्याला ज्यांनी डायव्हिंग केलंय त्यांना चार-पाच मीटर दिसलं तरी चांगला दिवस वाटतो. त्यात आता नौदलाची निवृत्त नौका ‘गुलदार’ निवतीच्या खडकांजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करण्याचं काम महाराष्ट्रानं हाती घेतलंय. ते काही किनाऱ्यावरून पोहत जाण्याचं ठिकाण नाही, पण पाणी आपलंच आहे. तिथे जाण्याची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी गढूळ पाण्याशी ओळख करून घ्यावी.

सुरुवात पाण्याबाहेर, घरी बसून करायची. जहाजाची माहिती काढायची.

‘माओरी’ ग्लासगोच्या गोव्हन भागात, फेअरफील्डच्या गोदीत बांधली. १९३७ साली ती पाण्यात उतरली. ट्रायबल वर्गातली नौका ही. या वर्गातल्या नौकांना जगभरच्या जमातींची आणि लढवय्या समाजांची नावं दिली होती, त्यात ‘सीख’, ‘गुरखा’, ‘पंजाबी’ अशी आपल्याकडचीही होती. लांबी सुमारे ११५ मीटर, रुंदी ११ मीटर. अशी लांबलचक, सडपातळ, वेगवान नौका. मे १९४१ मध्ये जर्मनीच्या ‘बिस्मार्क’ या बलाढ्य युद्धनौकेला ब्रिटिश आरमारानं गाठलं, तेव्हा खवळलेल्या अटलांटिकमध्ये रात्रभर तिचा पिच्छा पुरवणाऱ्या विनाशिकांमध्ये ‘माओरी’ होती. दुसऱ्या दिवशी ‘बिस्मार्क’ बुडाली आणि तिच्या खलाशांपैकी २५ जणांना याच ‘माओरी’नं पाण्यातून वर ओढून घेतलं. आदल्या रात्री ज्यांच्यावर टॉर्पेडो सोडले, त्यांनाच सकाळी दोर टाकले. मला या जहाजाबद्दल जी माया वाटते तिचं मूळ इथे आहे.

त्याच वर्षी १३ डिसेंबरला ट्युनिशियाच्या केप बॉनपाशी ‘सीख’, ‘लीजन’ आणि डच ‘इसाक स्वीअर्स’ या विनाशिकांच्या जोडीनं ‘माओरी’नं अंधारात दोन इटालियन क्रूझर बुडवल्या. त्या क्रूझर त्रिपोलीकडे इंधन घेऊन निघाल्या होत्या. पुढे दोनच महिन्यांत, १२ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे, माल्टाच्या ग्रँड हार्बरमध्ये उभी असताना जर्मन विमानाचा बॉम्ब तिच्यावर पडला. आग लागली, दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि ती जागच्या जागी बुडाली. एका खलाशाचा जीव गेला. माल्टावर तेव्हा दिवसरात्र बॉम्ब पडत होते. दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, ब्रिटनच्या राजानं अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं ते त्याच सोसण्यासाठी. ‘माओरी’चा सांगाडा मात्र बंदरात अडचण होऊन राहिला. १९४५ च्या जुलैमध्ये तो उचलला आणि बंदराबाहेर ओढून नेऊन बुडवला. आज खाडीत दिसतो तो त्यातला एक मोठा भाग. त्यात पुलाकडची, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या ‘ब्रिज’कडची, पुढची बांधणी आहे आणि पुढच्या तोफा जिथे बसवलेल्या होत्या ते गोल चौथरे आहेत.

डायव्हिंगच्या गप्पांमध्ये एवढा इतिहास सांगतोय, कारण गढूळ पाण्यात जहाज कधीच अख्खं दिसत नाही. दिसतो तो दोन हात पत्रा. रिव्हेटांच्या बोटभर अंतरावरच्या रांगा, त्यांच्यावर चढलेला नारिंगी स्पंज, पत्रा वाकून फाटलाय तिथे आतला काळोख. पुढे सरकलं की हा तुकडा मागे धुक्यात जातो आणि दुसरा समोर येतो. माहिती नसेल तर ते सगळं गंजलेलं भंगार. माहिती असेल तर टॉर्चच्या उजेडात लोखंडाची गोलाई लागते तेव्हाच कळतं, की आपण तोफेच्या चौथऱ्याशी आहोत, म्हणजे पूल अमुक बाजूला. एका गाइडनं मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा पाण्यात उतरण्याआधी खडकावर बसवून, पाण्याखालीही लिहिता येतं अशा पाटीवर जहाजाचं चित्र काढून घेतलं. पुसायला लावलं. पुन्हा काढायला लावलं. मग म्हणाला, आता चल. पाण्याखाली जेव्हा जेव्हा मला वाट कळेनाशी झाली, तेव्हा तेच चित्र कामाला आलं.

आता होकायंत्र. किनाऱ्यावर उभं राहून दिशा घ्यायची आणि पाटीवर लिहून ठेवायची, परतीची दिशाही तिथेच, १८० अंश मिळवून किंवा वजा करून. पाण्याखाली वेगवेगळे आवाज, धडधड आणि थंडी यांत बेरीज-वजाबाकी करत बसायचं नाही. जाताना हवा वाचवायला बरंच अंतर पृष्ठभागावर पोहत काटायचं, आणि खाली कुठे जायचं ते ठरवायचं किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून. ही युक्ती आपल्याकडच्या मच्छीमारांना कोणी शिकवायला नको. डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आला की अमुक खडप, हे ते वडिलांकडून शिकतात. वॅलेटाला तीच गोष्ट घुमट, मनोरे आणि पलीकडच्या तीरावरच्या इमारती यांनी साधता येते.

दिशा ठरवताना आणखी एक गोष्ट. जहाज लांब आहे आणि अरुंद आहे. त्याच्या टोकाकडे नेम धरला आणि थोडं चुकलं की तुम्ही शेजारून निघून जाल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. त्याच्या लांबीला आडवं जाईल अशी वाट निवडा, म्हणजे थोडं इकडेतिकडे झालं तरी कुठे ना कुठे धडकाल. आणि जहाजाजवळ पोचलात की होकायंत्रावर विश्वास ठेवू नका. समोर शेकडो टन लोखंड आहे, सुई त्याच्याकडे ओढली जाते. परतताना आधी जहाजापासून काही मीटर दूर व्हा, सुई स्थिर होऊ द्या, मग दिशा धरा. पुस्तकात ही सूचना एका ओळीत असते, प्रत्यक्षात याच कारणानं माणसं भलत्याच खडकावर वर येतात. रीलच्या, म्हणजे दोरीच्या फिरकीच्या, दोरीचं टोक तळाशी बांधून ती सोडत गेलात तर आणखी उत्तम. दोरी खोटं बोलत नाही, फक्त ती ताणलेली ठेवायची, सैल दोरी फिन्समध्ये अडकते.

वाटेतला वाळूचा पट्टा मला सगळ्यात अवघड वाटतो. जहाज मागेही नाही, पुढेही नाही. चहूकडे हिरवट करडा रंग, आणि त्या रंगात वर-खाली कळेनासं होतं. काही जणांना गरगरतं. अशा वेळी स्वतःचे बुडबुडे बघावेत, ते वरच जातात. खोलीमापकावर नजर ठेवावी. आणि तळापासून हातभर अंतर राखून तळ सतत दिसत राहील असं पोहावं.

टॉर्चचं तंत्र वेगळं. आंबोली घाटात दाट धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच पाण्यातल्या कणांचं होतं. रुंद झोताचा टॉर्च इथे निरुपयोगी. अरुंद झोताचा घ्यायचा, आणि तो डोळ्यांच्या रेषेतून न मारता बाजूनं, हात लांब करून मारायचा. कॅमेऱ्याचे दिवेही असेच दूर आणि तिरपे. जोडीदाराशी बोलणंही टॉर्चनंच. तळावर गोल फिरवला तर सगळं ठीक, आडवा भराभर हलवला तर अडचण आहे, इकडे लक्ष दे. जोडीदार पुढेमागे नको, शेजारी हवा, हात लावता येईल एवढा जवळ. हरवलाच तर एक मिनिटभर जागेवर गोल फिरून शोधायचं, नाहीच दिसला तर सावकाश वर यायचं आणि वर भेटायचं. हे दोघांनी आधी ठरवलेलं असलं पाहिजे. एक जण वर वाट बघतोय आणि दुसरा खाली शोधतोय, याहून वाईट काही नाही.

उथळ आहे म्हणून सोपं आहे, या समजुतीशी माझं भांडण आहे. आधीच खोलवर असलात तर दाब आणखी दुप्पट व्हायला बरंच खाली जावं लागतं, पण पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जातानाच तो दुप्पट होतो. म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमधली आणि डायव्हिंगच्या सूटमधली हवा सगळ्यात जास्त फुगते-आकसते ती याच उथळ पट्ट्यात. तरंगण्याचा तोल सांभाळणं इथे जास्त कठीण. तोल गेला की माणूस पाय मारतो, पाय मारले की गाळ उठतो, गाळ उठला की होतं नव्हतं ते दिसणंही जातं. म्हणून गुडघे वाकवून, बेडकासारखे पाय बाजूला मारत पोहायचं, म्हणजे फिन्सचा मारा खाली जात नाही. हातांनी पोहायचं नाही. आणि हवेचा हिशेब कडक. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला सुमारे २४०० लिटर हवा असते. वर मिनिटाला २० लिटर लागत असेल तर १४ मीटरवर ४८ लागेल, आणि मन बेचैन असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. किनाऱ्यावर परतायचं अंतर याच हवेत बसवायचं असतं.

आत शिरू नका. ‘माओरी’च्या पुलाखालून आरपार जाण्याच्या वाटा आहेत आणि पाणी स्वच्छ असताना अनुभवी लोक गाइडबरोबर जातात. पाणी गढूळ असताना अजिबात नाही. छताखाली गाळ उठला तर बाहेरची वाट डोळ्यांदेखत नाहीशी होते. मासेमारीची नायलॉन दोरी लोखंडाला गुंतलेली असते, ती गढुळात दिसत नाही, म्हणून कात्री हाताशी ठेवा. जहाजावरची वस्तू उचलायची नाही, हे सांगायलाच नको. माल्टात तो गुन्हा आहे, आणि शिवाय तिथे माणूस गेलेला आहे.

इतकी सगळी काळजी घेऊन मिळतं काय, असं तुम्ही विचाराल. तुमचं जग दोन हातांचं होतं तेव्हा तुम्ही त्या दोन हातांतलं सगळं बघता. एकदा मी पत्र्याच्या एका फटीपाशी थांबलो, कारण फटीसमोर शिंपल्यांचा ढीग होता, एकाच आकाराचे, रिकामे. ऑक्टोपसचं घर. उजेड बाजूला केला तसा तो हळूच पुढे सरकला, एक सोंड बाहेर काढली, माझ्या हातमोज्याच्या टोकाला चिकटवली, सोडली, पुन्हा चिकटवली. त्याचा रंग गंजाचा होता, शेजारच्या स्पंजपाशी आला तसा नारिंगी झाला. स्वच्छ पाण्यात मी तेवढ्या वेळात अख्खी ‘माओरी’ फिरून आलो असतो आणि हा मला दिसलाही नसता.

जायचं असेल तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर बरा काळ, पाणी २५ अंशांच्या आसपास असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते १५ पर्यंत उतरतं, तेव्हा जाड सूट हवा. ईशान्येकडून वारा, ज्याला तिथे ग्रिगाल म्हणतात, तो असेल त्या दिवशी त्या किनाऱ्यावर उतरूच नये. लाटा खडकावर आपटतात आणि पाण्यातून बाहेर येणं हेच मोठं संकट होऊन बसतं. पृष्ठभागावर खुणेचा झेंडा लावलेला बॉय, म्हणजे तरंगता फुगा, न्यायचा, बोटी डोक्यावरून जातात.

आणि माल्टा लांब असेल तर तारकर्ली जवळ आहे. एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, स्कूबा केंद्रात प्रशिक्षणाचा खोल तलाव आहे. प्रशिक्षक बरोबर असताना मास्कच्या काचेला आतून काळा कागद लावा, जोडीदाराचा हात धरा आणि दोरीच्या आधारानं एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जा. मग परत या. श्वास सावकाश होईपर्यंत हे करत राहा.

नमस्कार.