मामांचा तडकलेला सॉकेट

नमस्कार मंडळी. आज कृत्रिम पायाबद्दल बोलायचंय, म्हणजे पायापेक्षा त्याच्या सॉकेटबद्दल, ज्याच्यात आपला उरलेला पाय बसतो ना, तो. पाऊल कितीही भारीतलं घ्या, सॉकेट बोचला की पाय चार दिवसांत कोपऱ्यात उभा. परत सांगते, सगळं सॉकेटवर आहे.

माझ्या मामांची लोणंदजवळ पिठाची गिरणी. शुगरमुळे जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुगर असेल तर रोज रात्री तळवे बघत जा हो, दिसत नसेल तर खाली आरसा धरा, मी हे दरवेळी सांगणार. तर मामांचा पहिला सॉकेट एका वयस्कर कारागिराने हाताने केला. पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, घट्ट झाल्या की काढायच्या, त्या साच्यात प्लास्टर ओतून पायाची मूर्ती करायची आणि मग खरं काम, कुठे कानस मारायची आणि कुठे थर चढवायचा. कारण गुडघ्याच्या वाटीखाली दाब सोसतो, पण बाहेरच्या बाजूला हाडाचं टोक लागतं तिथे जरा दाबलं तरी डोळ्यात पाणी येतं, म्हणून तिथे थर चढवायचा म्हणजे सॉकेटमध्ये तेवढी जागा सुटते. त्या मूर्तीवर गरम प्लास्टिक ओढलं की झाला सॉकेट, आणि मूर्ती आतून फोडून काढायची. प्लास्टर अशा कामाला वापरावं, गणपती मात्र शाडूचाच आणा.

मामा त्या सॉकेटवर सहा वर्षं गिरणीत उभे राहिले. मग तो तडकला. तोवर कारागीर वारलेले, मूर्ती तर केव्हाच फुटलेली. दुसरीकडे नवे सॉकेट केले, एक नाही तीन, तिन्ही बोचले, मामा कुबड्यांवर आले आणि गिरणी मामी चालवायला लागल्या. मामा म्हणायचे, तो माणूस गेला, आता तसा पाय होत नाही.

शेवटी मावसभावाने त्यांना कॉम्प्युटरवर सॉकेट करतात तिथे नेलं. तिथल्या मुलीने आधी बोटांनी चाचपून पाय नीट बघितला, मग स्कॅन केला, आणि विचारलं, "काका, जुना सॉकेट टाकून दिलात का?" मामा म्हणाले, "टाकतोय कशाला, गिरणीत खिळ्याला टांगलाय." पुढच्या खेपेला पिठाच्या पिशवीतून घेऊन गेले. तिने त्याच्या आतून बारीक दांडी फिरवून सगळा आकार कॉम्प्युटरवर घेतला आणि स्क्रीनवर दोन रंगांत दोन आकार एकावर एक ठेवले. हाडापाशी त्या कारागिराने सोडलेली जागा तिथे स्पष्ट दिसत होती. मामा म्हणे कितीतरी वेळ नुसते बघत बसले. सहा वर्षांत पाय बारीक झाला होता, म्हणून तिने माप थोडं कमी केलं, पण ती जागा तशीच ठेवली. मग मशीनने फोमची मूर्ती कोरली आणि आधी पारदर्शक प्लास्टिकचा सॉकेट केला, आत कातडी कुठे पांढरी पडते ते बाहेरून दिसावं म्हणून.

ही पद्धत तशी जुनी आहे, कॅनडात व्हँकुव्हरला जेम्स फूर्ट आणि त्यांच्या लोकांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं, आणि हेच फूर्ट १९५० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला गुडघ्याखालच्या सॉकेटवर काम करत होते, म्हणजे हातकाम पक्कं माहीत असलेला माणूस कॉम्प्युटरकडे आला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं हे अजूनही माणूसच ठरवतो, फक्त आता मूर्ती फुटली तरी फाईल राहते. लक्षात ठेवा, मूर्ती फुटते, फाईल राहते. म्हणून घरात कोणाचा चांगला बसलेला जुना सॉकेट असेल तर भंगारात देऊ नका, नवा करायला जाल तेव्हा सोबत न्या.

आणि एसटीची पहिली पायरी जरा खाली घ्या हो कोणीतरी, मामांना अजून तिथेच हात द्यावा लागतो.

बाकी गिरणी सकाळी सातला सुरू होते, मामा उभे असतात, आणि मामींनी त्यांच्या फाईलचा नंबर खडूने भिंतीवर लिहून ठेवलाय, दळणाच्या हिशोबाशेजारीच.