नावाच्या शेवटचा 'जा'

(दृश्य : लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेचा वर्ग. आधी फक्त हजेरीचा आवाज.)

ऋतुजा. तनुजा. अनुजा. शैलजा. पुन्हा ऋतुजा.

मराठवाड्यातल्या शाळेत हजेरी ऐकत उभं राहा, हा 'जा' कानावर आल्याशिवाय राहत नाही. एका वर्गात दोन-दोन ऋतुजा असतात, मग त्यांना आडनावानं हाक मारावी लागते. गावात तिची 'रुतुजा' होते आणि घरी आजी तर नुसतं 'रुतू' म्हणते.

त्या आजीच्या पिढीची नावं वेगळी. गयाबाई, काशीबाई, प्रयागबाई, मथुराबाई, गोदावरीबाई. ज्या तीर्थाला जाणं आयुष्यात जमेल की नाही ठाऊक नाही, ते लेकीच्या नावात आणून ठेवायचं. पोरं जगत नसली, तर दगडाबाई किंवा धोंडाबाई. असं नाव ठेवलं की कुणाची नजर लागत नाही, ही त्यामागची समजूत. असल्याच एका नावाच्या बाई, बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके, हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध उभ्या राहिल्या.

त्या 'बाई'च्या जागी आता 'जा' आला. तो संस्कृतातला आहे. जन् म्हणजे जन्मणं. या धातूचा 'ज' तेवढा उरतो आणि दुसऱ्या शब्दाला मागून चिकटतो. पंकात, म्हणजे चिखलात जन्मलेलं ते पंकज. तेच स्त्रीलिंगी झालं की पंकजा. ऋतूपासून जन्मली ती ऋतुजा. तनू म्हणजे देह, म्हणून तनुजा म्हणजे सरळ लेक. अनुजा म्हणजे मागून जन्मलेली, धाकटी बहीण. थोरलीचं नाव अनुजा असलेली घरं आहेत. अर्थ थोडा उलटतो, पण नाव गोड आहे, आणि धाकटी झालीच तर तिला कुणी अग्रजा, म्हणजे आधी जन्मलेली, म्हणत नाही.

भूमिजा आणि क्षितिजा, दोन्ही सीता. क्षितिजा म्हटलं की आता आभाळ टेकतं ती रेघ आठवते. मात्र क्षिती म्हणजे जमीन. सीता या शब्दाचाच अर्थ नांगराचं तास, म्हणजे नांगरानं पडलेली चर. तासातून निघालेल्या मुलीचं हे नाव काळ्या रानात राबणाऱ्या घरांत शोभून दिसतं.

(दृश्य : पावसाळ्यातलं नदीपात्र.)

शैलजा आणि गिरिजा म्हणजे डोंगराची लेक, पार्वती. पण ही गिरिजा आपल्याकडे नदीही आहे. खुलताबादच्या डोंगराळ भागातून येते, फुलंब्रीकडून पुढे जाते आणि पूर्णेला मिळते. डोंगरातून जन्मली म्हणून गिरिजा. नदीला याहून नेमकं नाव देता आलं नसतं.

कमळाची नावं तर किती. जलजा, अंबुजा, सरोजा, नीरजा, सगळ्या पाण्यात जन्मलेल्या. पद्मजा त्यांच्या पुढची, ती कमळातूनच जन्मलेली, म्हणजे लक्ष्मी. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १९०० साली, हैदराबादेत सरोजिनी नायडूंना मुलगी झाली. तिचं नाव पद्मजा. पुढे १९५६ ते १९६७ त्या पश्चिम बंगालच्या राज्यपाल होत्या. सरोजिनी म्हणजे कमळांचं तळं. आई तळं आणि लेक त्यातल्या कमळातून जन्मलेली.

(दृश्य : पैठण, गोदावरीचा घाट.)

नाव कुठे तोडायचं हे कळलं नाही तर काय होतं, याची गोष्ट या पैठणचीच आहे. कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहात ती येते. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याचा मारा सोसेना तेव्हा एक राणी म्हणाली, 'मोदकैः ताडय'. तिला म्हणायचं होतं 'मा उदकैः', पाण्यानं मारू नका. राजानं ऐकलं 'मोदकैः', आणि मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील झाला. त्याला सहा महिन्यांत व्याकरण शिकवीन असा शब्द त्याच्या दरबारातल्या शर्ववर्मा या पंडितानं दिला, आणि त्यातून कातंत्र नावाचं संस्कृत व्याकरण झालं असं ही कथा सांगते.

नीरजा हे नाव असंच दोन ठिकाणी तुटतं. नीर अधिक जा, पाण्यात जन्मलेली. किंवा निर् अधिक रज, धुळीचा कणही नसलेली, निर्मळ. दोन्ही बरोबर. आईबापांनी हवा तो अर्थ घ्यावा. पूजा मात्र यांतली नाही. तिथे 'पूज्' हा धातूच वेगळा, त्यातला 'जा' कुणाच्या जन्माचा नाही.

आणि आपली तुळजा?

(दृश्य : तुळजापूर, महाद्वाराच्या पायऱ्या.)

कर्दम ऋषींच्या पत्नीनं, अनुभूतीनं धावा केला, देवी त्वरित धावून आली, म्हणून त्वरिता. त्वरिताची तुरजा, तुरजाची तुळजा, असं इथं सांगतात. म्हणजे हा 'जा' जन्माचा नाही, धावून येण्याचा आहे. कानही तेच सांगतो. तुळजापूर म्हणून बघा, जीभ दातांकडे सरकते. आता गिरिजा म्हणा, ती टाळूला लागते. मराठीत अक्षर एक, ज दोन. 'शाळेत जा' यातला 'जा' दातांकडचा, तो 'याति'पासून प्राकृतातून आलेला. ऋतुजातला टाळूचा. 'ऋतुजा, शाळेत जा' असं आई ओरडते तेव्हा एका वाक्यात दोन्ही येतात आणि कुणाचीही गल्लत होत नाही. मला आपल्या भाषेतली ही गोष्ट फार आवडते. लेकीला 'जा' म्हणण्याचे प्रसंग आपल्याकडे आधीच पुष्कळ, तिच्या नावात तरी तो 'जा' नको.

(दृश्य : बीड जिल्ह्यातला रस्ता, उसाच्या बैलगाड्या. इथे पार्श्वसंगीत नको.)

बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ सालीच झाला होता. हजेरीत ज्यांची नावं कधी आलीच नाहीत, त्या या आकड्यांच्या मधल्या फटीत आहेत. म्हणून या जिल्ह्यात तनुजा, ऋतुजा ही नावं ऐकताना मला ती नुसती गोड वाटत नाहीत. त्यांच्या शेवटाचा अर्थ एवढाच की ती जन्मली. आणि इथं तेवढं होण्यासाठीही कुणाला तरी घरात ठाम उभं राहावं लागलं असेल.

(दृश्य : बारसं. फुलांनी सजवलेला पाळणा.)

पाळण्याखालून बाळ या हातातून त्या हातात जातं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.' घुगऱ्यांचं ताट फिरतं. आत्या वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेते. कुर्र... आणि मग नाव. मागे वाकलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात.

दुसऱ्या दिवसापासून घरात तिची गिरू होते. पूर्ण नाव पुन्हा ऐकू येतं ते सहा वर्षांनी, पहिलीच्या वर्गात.

(आवाज : 'गिरिजा.' एक बारीक आवाज : 'हजर.')